टाळी मध्येच वाजवायची नाही

वॉटफर्ड, ९ फेब्रुवारी २०२५

उल्का,

आधी एक सांगून टाकतो. मी रागावलेलो नाही. एवढं डोक्यात ठेव आणि मग पुढचं वाच.

तू कार्डिफला लेकीकडे गेलीस हे मला फ्रिजवर चिकटवलेल्या चार ओळींवरून कळावं? फोन तू उचलत नाहीस. देवयानी उचलते आणि मलाच दटावते. "बाबा, आई ठीक आहे, पण आता बोलणार नाही. तू सारखा सारखा फोन नको करू, माझं क्लिनिक चालू असतं." सारखा सारखा कुठे? उठलीस का म्हणून एक, जेवलीस का म्हणून एक, आणि टीव्हीवर वेल्सचा पाऊस दाखवला म्हणून एक. नवऱ्याने एवढंही करायचं नाही. तेव्हा आता आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने पेन हातात धरलं आहे. अक्षराला हसू नकोस.

तुझ्या रागाचं कारण मी शोधून काढलं आहे. त्या रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये तालमीला जे झालं, तेच. माझं चुकलं, कबूल. पण चूक किती, शिक्षा किती, याचा काही विचार?

मुळात सगळं त्या अनुपने सुरू केलं. पुण्याहून व्हिसावर आलेलं पोर. आठवडाभर बँकेचे कॉम्प्युटर सांभाळायचे आणि रविवारी आपल्याला रशिया शिकवायचा. मंडळाला गुढीपाडव्याचं नाटक हवं होतं. चार विनोद, दोन गाणी, मग जेवण. याने काय काढलं? घर विकलंय, सामान न्यायला गाडी यायची आहे, आणि म्हातारा-म्हातारी खोक्यांवर बसून चहा पितात. दीड तास. गाडी काही येत नाही. पडदा. मी विचारलं, "अरे, यात घडतं काय?" तर म्हणे, "काका, आतमध्ये घडतं." आतमध्ये माझ्या फक्त ॲसिडिटी घडते.

वर प्रत्येक गोष्टीला त्याचं ते मॉस्को आर्ट थिएटर. मॉस्कोत खोटा चहा चालायचा नाही. मॉस्कोत नट प्रेक्षकांकडे बघून बोलायचे नाहीत. मॉस्कोत म्हणे मधेच टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि वाजवल्या तरी नटांनी मान लववायची नाही. अठराशे अठ्ठ्याण्णव साली तिथल्या दोघांनी हा उद्योग सुरू केला आणि त्याचा ताप सव्वाशे वर्षांनी वॉटफर्डमध्ये मला.

तर त्या दिवशी तो म्हणाला, "कागद बाजूला ठेवा. काकू, चाळीस-पन्नास वर्षांचा संसार आहे. त्या म्हातारीला जे बोलायचं राहून गेलंय ते तुमच्या शब्दांत बोला." आणि तू बोललीस. काय बोललीस, उल्का! हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. अर्चना रुमाल शोधायला लागली. अगं, तू मिरजेची नर्स, मी सांगलीचा प्रेक्षक. लहानपणी मागच्या बाकावर उभं राहून नाटकं बघितलेला माणूस. पदाला देतात तसा मी तुझ्या भाषणाला दिला. उठलो आणि ओरडलो, "वन्स मोअर!" मग बाकीच्यांनीही टाळ्या वाजवल्या.

तू पर्स घेतलीस आणि बसने घरी गेलीस. दुसऱ्या दिवशी कार्डिफ.

तर झालं ते असं. मॉस्कोच्या नियमाप्रमाणे टाळी मध्येच वाजवायची नाही. मी वाजवली. तुझा सूर तुटला. पुन्हा नाही वाजवणार. आता ये. पाच एप्रिलला प्रयोग आहे.

बॉयलरवाल्याचा नंबर कुठे लिहिला आहेस?

श्रीकांत


वॉटफर्ड, १८ फेब्रुवारी

उल्का,

तुझं कार्ड आलं. समुद्राचं चित्र, आणि मागे तीन वाक्यं. "मी बरी आहे. फोन नको. राग टाळीचा नाही." सही नाही. टेलिग्रामसुद्धा याहून लांब असायचे.

टाळीचा नाही तर कशाचा? लिहायला काय झालं? तुम्हां नर्स लोकांची ही सवय मला कधीच आवडली नाही. पेशंटला काय झालंय ते चार्टवर लिहायचं आणि पेशंटला सोडून सगळ्यांना दाखवायचं.

बरं, इकडची हकीकत. तुझं म्हातारीचं काम अर्चनाला दिलं आहे. मला न विचारता. ती बावन्न वर्षांची, मी तिचा म्हातारा पंचाहत्तरचा. मी अनुपला म्हटलं, "लोक म्हणतील मुलगी आहे." तर अर्चना म्हणते, "काका, केसांना पांढरा स्प्रे मारू. तुम्हाला काळा मारला तरी चालेल." सगळे हसले. तुझी मैत्रीण, म्हणून सोडलं.

काल तर कमिटीतच भांडण पेटलं. अनुप म्हणाला, प्रयोग सुरू झाला की दारं बंद. उशिरा येईल तो बाहेर थांबेल. मॉस्कोवाल्यांनी असंच केलं होतं म्हणे, मोठमोठ्या माणसांनासुद्धा. आपला सतीश डॉक्टर, अध्यक्ष म्हणून समोर बसलेला, उठलाच. "दारं बंद? अरे, बटाटेवडे गरम करायला आत-बाहेर कसं करायचं? आणि आपले लोक वेळेवर आले असते तर आपल्यावर इंग्रजांनी राज्य कशाला केलं असतं?" अनुप म्हणतो, "सर, वडे नंतर." सतीश म्हणतो, "वडे नंतर असतील तर प्रेक्षकही नंतर येतील." तासभर हेच. मी मधे बोललो की दारं बंद केली आणि आग लागली तर काय, तर दोघंही माझ्यावर उखडले.

तालमीत मी चहा ओततो, तर अंधारातून अनुपचा आवाज येतो, "मला पटत नाही." पुन्हा ओततो. "मला पटत नाही." चहा पटत नाही याला! त्या मॉस्कोच्या कंपनीत एक उंच गृहस्थ होता, तो असाच अंधारात बसून ओरडायचा म्हणे, आणि मोठे मोठे नट रडकुंडीला यायचे. नावं मला सांगितली होती, पण ती रशियन नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. एक उंच आणि एक दाढीवाला, एवढंच लक्षात आहे. दोघं एका दुपारी हॉटेलात जेवायला बसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठले. तेवढ्यात अख्खी नाटक कंपनी ठरली. मग पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या एका कोठारात तालमी. तोवर तिकडची नाटकं म्हणजे आपल्यासारखीच असावीत. मुख्य नटाने पुढे यायचं, लोकांकडे बघून दणदणीत बोलायचं, घरचेच कपडे, कुठल्याही नाटकाला तोच पडदा. यांनी सगळं मोडलं. खरी दारं, खऱ्या कड्या. बेडकांचे, रातकिड्यांचे आवाज. नोकराचं काम करणाऱ्यालासुद्धा विचारायचं, तू सकाळपासून काय काय केलंस, कुठून आलास?

मला अनुपने विचारलं, "काका, हा म्हातारा चहा ओतताना कशाचा विचार करतोय?" मी म्हटलं, "गाडी अजून आली नाही, ड्रायव्हरला काही झालं तर नाही ना, याचा." तर तो खूश. म्हणे, पहिल्यांदा खरं बोललात.

तू काय खातेस तिथे? देवयानी फ्रोझन पराठे आणते, मला माहीत आहे.

श्रीकांत


वॉटफर्ड, ३ मार्च

उल्का,

हे तुला माहीत होतं का? त्या रविवारी तू जे बोललीस ते अनुपने फोनवर रेकॉर्ड केलं होतं. आणि आता ते नाटकात घातलंय. तसंच्या तसं. टाईप करून. काल कागद वाटले, तेव्हा मी वाचायला लागलो आणि तुझाच आवाज आला.

मी तिथेच विचारलं, "हे कुणी लिहिलं?" तर म्हणतो, "काकूंनी. मी फक्त उतरवून घेतलं." वर शहाणपण, की मॉस्कोत असंच चालायचं, नटाच्या आतलं बाहेर आणायचं. अरे, आतलं बाहेर आणायला माणसं काय कपाटं आहेत?

मग अर्चना बोलायला लागली. तुझ्या समोर ठेवतो, तुझंच आहे:

"तुम्ही माझी काळजी करता असं सगळे म्हणतात. काळजी नाही ती. पहारा आहे. तीस-तीस पेशंटचा वॉर्ड मी रात्रभर एकटीने सांभाळला. आता कोपऱ्यावर दूध आणायला गेले तर खिडकीत तुम्ही. बसस्टॉपवर तुम्ही. लायब्ररीत मागच्या खुर्चीवर तुम्ही, उलटा पेपर धरून. मला एकदा हरवायचंय हो. कुणी शोधायला न येता."

अर्चनाने हे असं म्हटलं, जसं दिवाळी अंकातलं काही वाचते आहे. गोड गोड. मला राहवेना. मी म्हटलं, "अगं, उल्का असं नाही म्हणाली. पहारा म्हणताना तिने कप खाली ठेवला. आणि हरवायचंय म्हणाली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, हॉलच्या दाराकडे बघत होती. आणि आवाज चढवला नव्हता. आवाज चढवायची तिला सवयच नाही, पेशंट झोपलेले असतात."

अनुप अंधारातून पुढे आला. "काका, एवढं सगळं आठवतंय तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? पहिल्या रांगेतून बघत होतो."

अर्चनाने कागद मांडीवर ठेवला. "काका, एक विचारू? काकू हे खरंच म्हणत होत्या ना?"

"छे! नाटक होतं ते," मी म्हटलं. "यानेच सांगितलं होतं ना, म्हातारीचं बोला म्हणून."

आणि सगळे खाली बघायला लागले. सतीशसुद्धा, जो कधीच गप्प बसत नाही. त्याने बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशीच. फक्त मी एकटा वन्स मोअर देत होतो. आणि अनुप म्हणाला, "काका, पुन्हा घेऊ. तुम्ही काही करू नका. फक्त ऐका."

पुन्हा घेतलं. मग पुन्हा. मागितला होता ना वन्स मोअर, घे आता. दर रविवारी आणि आता बुधवारीसुद्धा.

मला ताप आला आहे बहुतेक. थर्मामीटर सापडत नाही.

श्रीकांत


वॉटफर्ड, १२ मार्च

उल्का,

ताप नव्हता.

मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू समोर नाहीस, म्हणून लिहितो. पहारा हा शब्द चुकीचा आहे. पहारेकरी झोपा काढतात. मी कधी झोपलो?

बसस्टॉपवर मी येतो कारण त्या वर्षी सेंट ऑल्बन्स रोडवर बर्फावर घसरलीस आणि कुणीतरी परक्या माणसाने तुला हॉस्पिटलात नेलं. मी घरात बसून होतो. भात करून. फोन तुझा पर्समध्ये, पर्स कुठेतरी. तू कुठे आहेस, आहेस की नाहीस, हे मला संध्याकाळपर्यंत कुणी सांगितलं नाही. त्यानंतर माणसाने काय करायचं? खिडकीत उभं राहायचं नाही? तुला मनगटाला प्लास्टर लागलं ते सहा आठवड्यांत निघालं. माझं अजून निघालेलं नाही.

आणि लायब्ररीत मी पेपर वाचायला येतो. उलटा नव्हता तो. एकदाच होता.

हे सगळं मी अर्चनाला म्हणू शकत नाही. तिला म्हणून उपयोग काय? ती बोलते, मी ऐकतो, आणि माझ्या म्हाताऱ्याला त्यानंतर एकही वाक्य नाही. मी अनुपला सांगितलं, "मला उत्तर दे. दोन ओळी दे. तो माणूस एवढं ऐकून गप्प कसा बसेल?" तो म्हणतो, "नाही काका. तो उत्तर देतो म्हणूनच तिला आतापर्यंत बोलता आलं नाही." एवढंसं पोर. लग्नसुद्धा झालेलं नाही.

मग मी चिडलोच. म्हटलं, "हे शब्द तुझे नाहीत. माझेही नाहीत. तिला न विचारता घेतलेस, आता काढ. नाहीतर म्हातारा दुसरा बघ." तो म्हणाला, "हेच तर नाटक आहे." म्हटलं, "तुझं नाटक असेल. तिचं घर आहे." सतीश मधे पडला. "अरे, तीन आठवडे राहिले, तिकिटं गेली, आता म्हातारा कुठून आणू?" अनुप मला बाजूला घेऊन मॉस्कोच सांगायला लागला. पहिल्याच हिवाळ्यात कंपनी बुडायला आली होती म्हणे. शेवटची आशा म्हणून दुसरीकडे साफ पडलेलं एक नाटक घेतलं. पहिल्या अंकावर पडदा पडला आणि टाळी नाही, काही नाही. नट पडद्यामागे उभे, बायका रडायला आलेल्या, संपलं म्हणून. बऱ्याच वेळाने लोकांना भान आलं आणि मग थिएटर दणाणलं. "काका, काकूंच्या बोलण्यानंतर तशी शांतता पडायला हवी होती," तो म्हणाला. "मीही टाळ्या वाजवल्या. मलाही कळलं नाही."

हे त्याने बरं केलं, कबूल केलं ते. तरी मी सांगितलं, काकूंना विचारल्याशिवाय मी खोक्यावर बसणार नाही.

तर विचारतो. ते शब्द राहू द्यायचे की काढायचे? तू म्हणशील तसं. का, कशासाठी, हे नको सांगूस. तू नुसतं हो किंवा नाही कळव. मी तालमीला जायचा थांबलो आहे.

श्रीकांत


वॉटफर्ड, २३ मार्च

उल्का,

चार पानं! आणि मी म्हटलं होतं हो किंवा नाही.

बरं. शब्द राहू देत, असं तू म्हणतेस. "निदान हॉलमध्ये कुणाला तरी ऐकू जातील." हे टोमणा म्हणून लिहिलंस का? तुझं अक्षर सरळ असतं, त्यातून कळत नाही. मी अनुपला सांगितलं. त्याने मला मिठी मारली. मला मिठ्या आवडत नाहीत.

बाकीचं पत्र मात्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं फिरलं. बसने एकटी पेनार्थला गेलीस. समुद्र बघितलास. परतीची बस चुकली. अंधार पडला. आणि पुढचं वाक्य काय, "फार बरं वाटलं." अगं, बस चुकल्यावर बरं कुणाला वाटतं? पाय दुखतात, थंडी वाजते, भीती वाटते. हे वाटतं माणसाला. आणि हे तू मला का लिहिलंस? मला त्रास व्हावा म्हणून, की मला कळावं म्हणून? मी दोन्ही बाजूंनी विचार केला.

देवयानीच्या हॉस्पिटलात जाऊन पेशंटना चहा देतेस, मराठी-गुजराती म्हाताऱ्यांशी गप्पा मारतेस, ते ठीक. ते तुला शोभतं. पण "परत कधी येईन ते सांगता येत नाही, येईन की नाही तेही" हे वाक्य असं मधेच, चहा आणि गप्पांच्या मधे, घालतात का? मला ते दुसऱ्यांदा वाचताना दिसलं.

माझं उत्तर नाही असं आहे. मला हे मान्य नाही. पन्नास वर्षं झाली. तू आधी आलीस या देशात, नोकरी घेऊन, मी मागून आलो तुझा नवरा म्हणून. विमानतळावर तू मला घ्यायला आली होतीस आणि मला म्हणालीस, "घाबरू नका, मी आहे." आता तू नाहीस तर मी काय करायचं? इतकी वर्षं छापखान्यात मशिनवर उभा राहिलो, तिथे घंटा वाजली की कळायचं काय करायचं ते.

अनुपला मी काल विचारलं, ते उंच आणि दाढीवाले, त्यांचं पुढे काय झालं? मला वाटलं, एवढ्या गप्पा मारणारे, जन्मभर सोबत राहिले असतील. तर म्हणे, पुढे त्यांचं बिनसलं. वर्षानुवर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते, आणि थिएटर मात्र एकच. त्यांच्या हाताखालची माणसं अमेरिकेत गेली, तिथल्या सिनेमातल्या नटांना शिकवलं. एकोणीसशे अठ्ठावन्न साली कंपनी लंडनला येऊन खेळ करून गेली. आपल्याकडे मुंबई-पुण्यात नाटक शिकणारी पोरंही तेच शिकतात, म्हणून तर हा माझ्या मानेवर बसला आहे. आणि नव्वद वर्षांनी कंपनीच फुटली. एकाची दोन थिएटरं झाली, मॉस्कोतच.

"मग कुठलं बंद पडलं?" मी विचारलं.

"एकही नाही," तो म्हणाला. "दोन्ही चालू आहेत."

हे मला आवडलं नाही. तरी तुला लिहितो आहे.

पाचला ये. तिकीट ठेवलं आहे. नाही आलीस तर सतीशच्या मेहुण्याला जाईल, तो घोरतो.

श्रीकांत


वॉटफर्ड, ६ एप्रिल

उल्का,

तू आता गाडीत असशील. मी टेबलाशी बसलो आहे. काल तू बोललीस आणि मी अर्ध्यावर अडकलो, ते पुरं करतो.

आधी सांग, तू आलीस हे मला का कळवलं नाहीस? मी पडद्याच्या फटीतून तुझी खुर्ची बघितली, ती रिकामी. म्हटलं, झालं. आणि तू मागे, वड्यांच्या टेबलाशेजारी उभी! अर्चनाला माहीत होतं. तिने पूर्ण नाटकभर मला कळू दिलं नाही. चांगली नटी आहे ती, मी शब्द मागे घेतो.

दारं बंद झाली, पंधरा माणसं बाहेर राहिली, सतीशचा मेहुणाही. मी खोक्यावर बसलो. चहा ओतला. अर्चना बोलायला लागली. अनुप म्हणतो तसं मी काहीच केलं नाही. पण एक झालं. "कुणी शोधायला न येता" म्हणताना ती दाराकडे बघते, तसं मीही पहिल्यांदाच दाराकडे बघितलं. इतके दिवस मी तिच्याकडेच बघत होतो, कुठे जाते की काय म्हणून. दारात काय आहे हे बघितलंच नव्हतं. तू काय बघत होतीस ते मला अजून माहीत नाही. पण तिकडे काहीतरी आहे, एवढं दिसलं.

मग नंतर तू वड्याची प्लेट घेऊन समोर. निळा कोट, केस कापलेले. केस कापलेस हेही नाही कळवलंस.

"बराच वेळ गप्प बसता येतं की तुम्हाला," तू म्हणालीस.

"पॉज होता तो. अनुपने घ्यायला लावला."

"मग घरी का नाही घेतला कधी?"

एवढ्यात सतीश आला. "वहिनी! आलात! आता न्या याला घरी. दोन महिने आमचं डोकं खाल्लंय." तू हसलीस. त्याला वाटलं मिटलं. मलाही वाटलं. मी म्हटलं, "चल. अंथरूण घातलंय, दूध आणलंय, बॉयलर चालू झालाय." आणि तू म्हणालीस की तू अर्चनाकडे झोपणार आणि सकाळी परत जाणार.

"अर्चनाकडे? अगं, आपलं घर इथून..." आणि मी थांबलो.

"बोला ना पुढे."

"नाही. पॉज."

त्यावर तू पुन्हा हसलीस, पण डोळे तसे नव्हते. मग जे म्हणालीस ते मी रात्रभर उलटं-सुलटं करून बघितलं. "घरी आले तर मी परत जाणार नाही हो. मला माहीत आहे मी कशी आहे. तुम्ही चहा कराल, मी पिईन, आणि संपलं. म्हणून नको." आणि मग, "तुम्ही या कार्डिफला. राहायला नाही. भेटायला."

मी म्हणालो, "कधी, कितीच्या..." आणि तू प्लेट ठेवायला निघून गेलीस. मग लोक आले अभिनंदन करायला. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. हार काढेपर्यंत तू नव्हतीस.

मला हे पटलेलं नाही, उल्का. स्वतःच्या बायकोकडे पाहुणा म्हणून जायचं. बूट काढून कुठे ठेवायचे ते विचारायचं. देवयानी चहा करणार, "बाबा, तुला शुगर किती?" म्हणणार. लोक विचारतील तर काय सांगायचं? सतीशला काय सांगायचं? पण मी काल घरी येऊन चहा केला. दोन कप. सवयीने. आणि दुसरा कप बघत बसलो, तेव्हा तुझं म्हणणं कळलं. हा कप तू प्यायली असतीस. नाही म्हणाली नसतीस. कधीच म्हणाली नाहीस.

तेव्हा मी येतो. दिवस तू ठरव. परतीचं तिकीट आधीच काढून येईन, म्हणजे मला दारात बघून तुला धास्ती वाटायला नको.

श्रीकांत